उन्हाच्या आधी

पौषातली पहाट. निरभ्र, निर्वात, नीलमण्यासारखी नितळ. अशी एक पहाट लाभली तर सयाजीच्या पदरात काय पडणार होतं? डोंगरावरच्या शर्यतीचं, फितीला अडकवलेलं पितळेचं पदक. पारावर दोन दिवसांची वाहवा. आणि डोंगरमाथ्यावरचा तो एक श्वास, छातीत मावेनासा होणारा, ज्याच्यावर ना हॉटेलच्या भटारखान्याचा हक्क, ना आईचा, ना बायकोचा. खरं म्हणाल तर त्याला हवा होता तो श्वासच. पदक आपलं लोकांना दाखवायला.

त्या श्वासासाठी तो वर्षभर धावला. धुक्याच्या धूसर शालीतून धावला, जांभ्याच्या तांबड्या वाटांवरून धावला, कारवीच्या निळ्या निःशब्दातून धावला. मग हॉटेलात जाऊन पाहुण्यांचे रस्से ढवळले. भाद्रपदात शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला, घोटा भोपळ्यासारखा सुजला. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून बायकोनं, वैजयंतानं, तो दिवाळीपर्यंत शेकला. घोटा बरा झाला. धावणं पुन्हा सुरू.

"डोंगर काय पळून चाललाय, तू त्याच्यामागं लागलास ते?" आई म्हणायची.

वैजयंता त्याच्या वाटणीचे स्ट्रॉबेरीचे वाफे मुकाट्यानं खुरपायची.

शर्यतीच्या आदल्या सांजेला आभाळ केशरी झालं, मग जांभळं, मग जास्वंदीच्या वाळल्या पाकळीसारखं काळपट. पश्चिमेला ढगाची एक चिंधी लोंबत होती. इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे: ढगांचं पांघरूण असलं की दव गोठत नाही; निरभ्र रात्री गोठतं. गोठल्या पानावर ऊन पडलं की पान करपलं. म्हणून तर वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद घालायचा, कंबर मोडेपर्यंत वाकून.

"अहो, कागद घालायचा ना?"

"नको गं. ढग आलेत, बघ. आज काही गोठत नाही."

कंबर, पोटऱ्या, मांड्या, सारं उद्यासाठी जपून ठेवलेलं. आणि एवढं बोलून हा गृहस्थ देव्हाऱ्यासमोर बसला, उदबत्ती लावली, डोळे मिटले, आणि मागितलं काय? उद्या आभाळ निरभ्र असू दे, वारा पडू दे, थंडी असू दे, धावायला बरं. बायकोला एक सांगितलं, देवाला दुसरंच मागितलं. देवानं आपल्याकडे मागितलेलं तेवढं ऐकलं.

दुसऱ्या पहाटे तळ्याकाठी, अंधुक उजेडात, धावणारे उभे राहिले. सयाजीनं बुटाची नाडी आवळायला मान खाली घातली आणि पाहिलं: गवत पांढरं. पातं न् पातं पांढरं, चंद्रचूर्ण शिंपडल्यासारखं, मोहक, मारक. घर डोंगरापलीकडे. खिशात फोन नाही; वजन नको म्हणून. शिट्टी वाजली. घराकडची जवळची वाटही डोंगरावरूनच, म्हणून तो धावला.

कधी नव्हे असा धावला. माथ्यावर पहिला पोचला तो सयाजीच. आणि खाली दरी उघडली.

समोरच्या उतारावरून ऊन खाली येत होतं. सोनपावली, संथ, कुणाचंही वैर न बाळगणारं. उताराच्या पायथ्याशी सयाजीचे वाफे, पांढरेशुभ्र, आणि त्यांत दोन ठिपके. एक लुगड्याचा, एक साडीचा. पाण्याच्या मोटारीला वीज नव्हती. ऊन येण्याआधी गोठलेलं दव पाण्यानं धुतलं तर पान वाचतं. म्हणून विहिरीवरून वाफ्याकडे, वाफ्याकडून विहिरीवर, कळशी कळशीनं पाणी. ठिपके धावत होते. ऊन चालत होतं. तरी ऊनच पुढे.

वर्षभर ज्याची वाट पाहिली तो श्वास छातीशी आला. सयाजीला तो घेताच येईना.

त्यानं आखलेली वाट सोडली.

"ओ दादा! वाट इकडंय! पहिला नंबर सोडून कुठं निघालात?" माथ्यावरचा स्वयंसेवक ओरडला.

तो उतरला. काट्यांतून, कपारींतून, घसरणाऱ्या गोट्यांवरून. जुना घोटा पुन्हा मुरगळला. आयुष्यातली त्याची सर्वांत वेगवान धाव तीच; ती मोजायला तिथं कुणी नव्हतं.

पोचला तेव्हा ऊन आधीच येऊन बसलं होतं. धुतलेले वाफे हिरवे, ओले, थरथरते. न धुतलेले, आणि तेच अधिक, काळवंडत चाललेले, पान पान, कळी कळी, शब्दाविना.

"शर्यत?" वैजयंतानं विचारलं.

"राहिली."

"म्हणजे हेही गेलं न् तेही," आई म्हणाली, आणि बांधावर मटकन बसली.

सयाजीनं कळशी घ्यायला हात पुढे केला. वैजयंताची बोटं कळशीच्या गळ्याभोवती तशीच मिटलेली, सुटेनात. गारठ्यानं आखडलेलं एकेक बोट त्यानं हलकेच सोडवलं.

डोंगराचं काही गेलं नाही. उन्हाचं तर नाहीच. मागितलं ते देवानं दिलं, त्याचंही काही देणं राहिलं नाही. सयाजीचा गेला तो एक श्वास. बाकी सगळी किंमत मोजली वैजयंताच्या दहा बोटांनी, लालभडक, बधिर, पिकल्या फळांसारख्या. आणि आता त्या बोटांवर, फार उशिरा, फार मायेनं, कोवळं ऊन उतरत होतं.