सातवी लाइन

जी

"काका, अंगठा मागे. गळा नाही दाबायचाय तिचा."

सुदेशने अंगठा गिटारच्या मागे नेला. लगेच पहिलं बोट घसरलं. पहिलं बोट जागेवर आणलं तर करंगळी उठली. बाजूच्या खुर्चीतली गणवेशातली मुलगी तारांकडे न बघता वाजवत होती. बघत होती ती सुदेशकडे.

"आता जी कॉर्डवरून सीवर जा," निशा मॅडम म्हणाल्या. डोंबिवलीत एका बेकरीच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास. वयाने सुदेशच्या मुलीएवढ्या. "जा ना काका. थांबलात का?"

"जातोय."

"गाणं थांबत नाही तुमच्यासाठी."

"बोटं निघालीत ओ मॅडम. वाटेत आहेत."

मुलं हसली. तोही हसला. खुर्चीखाली त्याचा उजवा पाय हलत होता. तो पाय कायमच हलायचा. शाळेत हलायचा, जेवताना हलायचा. वडिलांनी, काळुरामने, आंबिवलीच्या शेताच्या कागदावर बिल्डरच्या ऑफिसात सही केली तेव्हाही तो शेजारच्या खुर्चीत हलत होता. मग शेत गेलं, उरलेल्या तुकड्यावर चाळ उभी राहिली, भाडेकरू आले. आणि सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न सुदेशला रोज पडायला लागला. त्याने कबुतरं पाळली. मग जिम काढली. मग नाक्यावरच्या बॅनरवर हात जोडून उभा राहिला, आणि मग

सी

तेही सुटलं.

"आधी कबुतरं," बायको, भावना, भाकरी थापता थापता म्हणाली. "मग जिम. मग बॅनर. आता ही तारांची पेटी भिंतीला लावलीत. ही कधीपर्यंत?"

"ही जाणार नाय."

"कबुतरांच्या वेळेला पण हेच बोललेले तुम्ही."

"कबुतरं उडाली त्याला मी काय करू?"

"पिंजरा उघडा कोणी ठेवलेला?"

सुदेशला जे हवं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. भाडं त्याने काही न करता यायचं. बॅनरवर फोटो त्याचा, पण मजकूर दुसऱ्याचा. आपण हात हलवला आणि त्याने काहीतरी झालं, आणि ते चार लोकांना ऐकू गेलं, एवढंच हवं होतं. एवढंच म्हटलं तर भावना म्हणाली असती, मग भांडी घासा. ऐकू येतात.

पोपट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची गावदेवी बँजो पार्टी. हळदीला, साखरपुड्याला, सत्यनारायणाला वाजवायची. पोपट स्वतः बँजोवर, बाकी कीबोर्ड, ऑक्टापॅड, ताशे, आणि सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करायला मिक्सरवर राजरत्न. प्रॅक्टिसला जागा नव्हती. जिथे वाजवायला बसतील तिथून लोक उठवायचे.

"तुझ्या जिमचा गाळा रिकामाच हाय ना?" पोपटने विचारलं.

"हाय."

"आणि गिटार शिकतोस म्हणे. मग ये की पार्टीत. आता लोक विचारतात, गिटारवाला नाय का?"

"मला तीन कॉर्ड येतात रे फक्त."

"हळदीच्या गाण्याला अजून किती लागतात?"

गाळ्याची चावी पोपटकडे गेली. पार्टीचा गुलाबी चमचमता शर्ट सुदेशकडे आला. भावनाने तो इस्त्री केला. शर्ट घालून, गिटार गळ्यात अडकवून तो पहिल्यांदा पार्टीत उभा राहिला, आणि स्पीकरच्या धडधडाटात त्याच्या लक्षात आलं की पाय

डी

हलत नाहीये.

कोपरीतली हळद. भर दुपार. नवऱ्यामुलाला घेऊन गल्लीतून मिरवणूक चालली होती, टेम्पोवर पार्टी. सुदेश ओळीने तीन गाणी वाजवून गेला. स्पीकर पुढे तोंड करून. मागे उभ्या माणसाला स्वतःचं काही ऐकू येत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पोपटने वळून अंगठा दाखवला. कोणीतरी खालून ओरडलं, "गिटारवाले काका, एक नंबर!"

गाणी संपल्यावर गिटार उतरवताना त्याच्या हाताला काहीतरी लागलं.

कॅपो.

सकाळच्या क्लासला निशा मॅडमनी लावायला सांगितलेला तो चिमटा. तो तारांवर आवळला की सगळी गिटार वरच्या पट्टीत जाते. काढायचा राहिला होता. म्हणजे तिन्ही गाणी पार्टी एका पट्टीत होती आणि सुदेश दुसऱ्या. बाजूच्याचे दात शिवशिवावेत इतकं बेसूर. कोपरीचा एकही माणूस मागे वळला नव्हता. पोपटने अंगठा दाखवला होता.

तो मिक्सरपाशी गेला. राजरत्न वायर गुंडाळत होता. मिक्सरवर सरकणाऱ्या बटणांची ओळ, प्रत्येकाखाली पांढरी पट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं. बँजो. कीबोर्ड. सातव्या पट्टीवर 'दादा'. बाकीची बटणं अध्येमध्ये, बोटांच्या मळाने काळी पडलेली. सातवं पार खाली, शून्यावर. दुकानातून आणल्यासारखं पांढरं.

"राजरत्न, माझी लाइन?"

"आहे ना दादा. वायर लावलीय की."

"खाली आहे."

"ती..." राजरत्नने कोपरावर वायरचा अजून एक वेढा घेतला. "ती सेट आहे दादा."

"कधीपासून?"

"मला कशाला अडकवता? पोपटदादांना विचारा ना."

सुदेशने विचारलं नाही. परतीच्या वाटेवर पोपट टेम्पोत पुढे, सुदेशच्या शेजारी बसलेला, त्याच्या खिशातून चावीचं किचेन लोंबत होतं. जिमचं. छोटं लोखंडी डंबेल. प्रत्येक खड्ड्याला ते उडत होतं. एक शब्द बोलला असता तर चावी परत आली असती. गाळा बंद, प्रॅक्टिस बंद. पण मग सातवी लाइनही नसती, ना वर, ना खाली. सुदेशने खिडकीबाहेर बघितलं. पाय हलायला लागला होता.

जी

पुन्हा जी. पुन्हा सी. पत्रीपुलावर गाड्या तुंबल्या की स्कूटरच्या हँडलवर डी.

निशा मॅडमना त्याने सगळं सांगितलं. त्या आधी कॅपोवर हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"भांडलात का त्यांच्याशी?"

"नाय. तुम्ही सांगा. मी ऐकण्यासारखं वाजवतो का?"

मॅडमनी एक तार जुळवायला घेतली. ती जुळलेलीच होती. "एकटे वाजवता तेव्हा, हो. लोकांबरोबर... काका, तुम्ही उशिरा पोचता. जरासंच. पण प्रत्येक वेळी."

"मला एकदा ऐकू जायला पायजे. पुतणीची हळद आहे. समृद्धीची. आमच्याच अंगणात."

"त्या गाण्यांत एफ येतो. तुम्ही तो टाळता."

"टाळत नाय. जमत नाय."

एफला एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात. तो ताटाच्या कडेवर एफ धरायला लागला, पाण्याच्या बाटलीवर धरायला लागला. टीव्ही बघताना भावनाच्या मनगटावर.

"अहो, हात आहे तो माझा."

"जरा थांब. बसतोय."

"कुठे बसतोय? कळ यायला लागली मला."

"मग बरोबर बसलाय."

तिने हात काढून घेतला नाही. मालिका संपेपर्यंत तो दाबत राहिला, सोडत राहिला, पुन्हा

एफ

मांडव जुन्या कबुतरखान्याच्या जागेवर घातला होता. ऊन उतरायला लागलेलं. पोपट वायरी ओढत आला आणि सुदेशकडे न बघता म्हणाला, "आज घरचं कार्य हाय. तुझी लाइन वर ठेवायला सांगितलीय राजरत्नला."

म्हणजे राजरत्न बोलला होता. म्हणजे कोपरीपासून पोपटलाही माहीत होतं की सुदेशला माहीत आहे.

"गाळ्यासाठी बोलतोस?"

"गाळ्यासाठीच घेतलेला तुला. खोटं कशाला बोलू?" पोपट वायरीची गाठ सोडवत राहिला. "पण प्रॅक्टिसला तुझ्याआधी कोण येतो का रे? एक दिवस तरी?"

गाणं सुरू झालं. समृद्धी पिवळ्या साडीत, भोवती बायका, पोरं. राजरत्नने सातवं बटण वर सरकवलं. मांडवाच्या टोकाला लावलेल्या मोठ्या स्पीकरमधून जी आला. सुदेशला तो ऐकू आला. अंगणभर पसरलेला, स्वच्छ, त्याचा.

मग सी. बँजो पुढे निघून गेल्यावर आला. मग डी, तोही मागून. एफ आलाच नाही, नुसता खरखर आवाज. एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली. नाचणाऱ्या बायकांचे पाय एकमेकांत अडकले. समृद्धीचा वर गेलेला हात वरच राहिला. पोपटने मात्र वळून बघितलं नाही. मान खाली घालून तो वाजवत राहिला, मुद्दाम थोडं हळू, सुदेशसाठी. आता सगळं गाणंच लंगडायला लागलं.

सुदेशने राजरत्नकडे बघून तळहात खाली दाबला.

राजरत्नने न बघितल्यासारखं केलं.

सुदेशने पुन्हा दाबला.

बटण खाली गेलं. पोपटची लय परत आली. पाय जुळले, समृद्धीचा हात फिरला, कोणीतरी शिट्टी मारली. सुदेश गाणं संपेपर्यंत वाजवत राहिला. पाय सपाटून हलत होता.

"आत्या आली!" आतून भावना ओरडली. "मशीन बंद करा!"

तुळसा आत्या गावची धवलारीण. गावात कुठल्याही घरचं लग्न असो, देवकार्याचे धवळे, लग्नातली जुनी गाणी, तीच म्हणणार, आणि ती बसली की वाजाप बंद, ही जुनी रीत. पोपटने स्वतः मेन स्विच पाडला. पार्टी मांडवाच्या कडेला चहाला गेली. सुदेश खांबाला टेकून तिथेच राहिला, घरचाच माणूस. गिटार गळ्यात होती.

तुळसा आत्याचे पुढचे दात गेलेले. डोळे मिटून तिने एक ओळ म्हटली. लांब, वर चढून सावकाश खाली येणारी. मग थांबली. श्वास घेतला. मागून ताल नव्हता, कोणी घाई करत नव्हतं. बायका वाट बघत बसल्या होत्या. श्वास पुरता भरल्यावर दुसरी ओळ.

सुदेशची बोटं आपोआप तारांवर गेली. करंटशिवाय ती गिटार डासाएवढी वाजते. ओळ संपली की त्याने एकदा तारा छेडल्या. जी. मग सी. ती श्वास घेत होती तेवढ्यात बोटं पोचत होती. तिसऱ्या ओळीनंतर पहिलं बोट आडवं झालं, सगळ्या तारांवर बसलं. एफ.

तुळसा आत्या मध्येच थांबली. डोळे उघडले.

"कोन वाजवतं रं?"

सगळ्या बायका वळल्या.

"मी, आत्या. सुदेश."

"कालूचा पोर?"

"हां."

"हालू वाजव रं बाला. मना माजाच सूर ऐकू येत नाय."

कपाच्या कडेला ओठ लावलेला पोपट तसाच थांबला. त्याने राजरत्नकडे बघितलं. राजरत्नने मिक्सरकडे. मिक्सरचा एकही दिवा लागलेला नव्हता.

सुदेशने तारा छेडायचं प्लास्टिकचं पिक गुलाबी शर्टाच्या खिशात टाकलं आणि तारांवर नुसता अंगठा ठेवला. पाय कधी थांबला होता त्याला कळलं नव्हतं. तुळसा आत्याने डोळे मिटले. ओळ म्हटली, खाली आणली, सोडली. श्वास घेतला.

आणि पुढची ओळ न घेता थांबली.

बोटं वाटेत होती.