नऊ वर्षं न उघडलेलं यंत्र

बस डेपोच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात चौदा फिटर काम करत, आणि त्या चौदाजणांचा कागद नेहमी एकच जात असे. रजेचा असो, गणवेशाचा असो की आरोग्य विम्याचा, मेस्त्री एका कागदावर चौदा नावं लिहायचा, चौदा सह्या घ्यायचा आणि ऑफिसात नेऊन द्यायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "खड्ड्यात एकत्र उतरतो, मग कागदावर वेगवेगळं कशाला चढायचं?"

विम्याची मुदत वर्षातून एकदा यायची, पंधरा दिवसांची. तेवढ्यात ज्याला योजना बदलायची त्याने बदलावी, नाहीतर वर्षभर आहे त्यात राहावं. मेस्त्रीच्या कागदावर दरवर्षी एकच ओळ असायची: 'जुनीच योजना चालू ठेवावी.' या वर्षीही सोमवारी तो कागद फिरला. कानवाल्या काकांनी गाडीखालून हात तेवढा बाहेर काढला आणि ग्रीसच्या बोटांनीच सही ठोकून दिली.

कानवाले काका ब्रेकचे फिटर. लोखंडी सळीचं एक टोक चाकाच्या ड्रमला लावायचं, दुसरं कानाशी धरायचं, आणि आत काय झिजलंय ते न उघडताच सांगायचं, ही त्यांची रीत. तीस वर्षांत चुकले असतील तर दोन-चारदा.

पण ज्या यंत्रापुढे काका मनातून हात जोडत, ते डेपोत नव्हतं. ते त्यांच्या घरी होतं, बायकोच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. काडेपेटीपेक्षाही लहान पेसमेकर. हृदय जरा रेंगाळलं की ते आतून टिचकी मारायचं आणि त्याला चालतं करायचं. नऊ वर्षांत त्याला कुणी तेल घातलं नव्हतं, कुणी उघडून पाहिलं नव्हतं. डेपोतली कुठली गाडी नऊ महिने तरी अशी चालली असती का? बायको झोपलेली असली की काका कधीकधी तिच्याकडे पाहत बसत. माणसाच्या हाताने असं काही बनतं, याचं नवल नऊ वर्षांत कमी झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बॅटरी उतरत आलीय. आठ-दहा महिने चालेल. मग यंत्रच बदलू." काका निर्धास्त होते. विमा होता ना.

बुधवारी त्यांची सुट्टी. बायको खिडकीपाशी शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होती. धागा दातांनी तोडत म्हणाली, "अहो, ते विम्याचं पुस्तक आलंय. वाचलंत का?"

"मेस्त्रीने कागद दिलाय. जुनंच चालू."

"मेस्त्रीला पेसमेकर आहे?"

काका उठले, चष्मा शोधला, पुस्तक घेऊन बसले. पुस्तक कसलं, चांगलं साठ पानांचं बाड होतं.

"असं नको," थोड्या वेळाने ते म्हणाले. "डोळ्यांनी नुसतं वाचलं की माझं लक्ष उडतं. आपण गाडीसारखं तपासू."

दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर सोडण्याआधी खड्ड्यात दोघे लागत. एक यादी मोठ्याने वाचणार, दुसरा तो भाग हाताने चाचपून 'पाहिलं' म्हणणार. हात लावल्याशिवाय 'पाहिलं' म्हणायचं नाही, हा नियम. तसं बायको वाचू लागली आणि काका प्रत्येक ओळीवर बोट ठेवून 'पाहिलं' म्हणू लागले. हाडं मोडणं, पाहिलं. बाळंतपण, पाहिलं. भाजणं, पाहिलं. मूतखडा, कावीळ, डोळ्यातला पडदा सरकणं, कानाच्या आतलं हाड वाढणं.

"कानाच्या आत हाड असतं?" काका थांबले.

"असेल. त्यांनी लिहिलंय म्हणजे कुणाचं तरी वाढलं असेल."

काका त्या ओळीकडे पाहत राहिले. माणूस इतक्या ठिकाणी बिघडू शकतो हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि इतक्या ठिकाणी बिघडू शकणारी माणसं रोज सकाळी उठून कामाला जातात, बसमध्ये बसतात, भांडतात. बसचे भाग त्यांना तोंडपाठ होते. हे बाड त्याहून मोठं निघालं.

शेवटच्या पानापर्यंत सगळं 'पाहिलं' झालं. काका समाधानाने मागे टेकले. "चोख आहे की."

बायको मात्र पुस्तक मांडीवर घेऊन तशीच बसली. "अहो, तुम्ही यादी तपासलीत. गाडी कुठे तपासलीत?"

"म्हणजे?"

"गाडी मी आहे. माझ्यावरून यादी तपासा. जे लिहिलंय त्याला तुम्ही बोट लावलंत. जे लिहिलंच नाही त्याला कुठे लावणार?"

तीस वर्षं गाड्या तपासणाऱ्या माणसाला हे घरात ऐकावं लागलं. काकांनी निमूट वही घेतली. पेसमेकर. त्याच्या दोन तारा. सहा महिन्यांची तपासणी. सकाळची गोळी, रात्रीची गोळी. डॉक्टरीणबाईंचं हॉस्पिटल. मग एकेक घेऊन पुस्तकात शोधायला बसले. गोळ्या सापडल्या. तपासणी सापडली. हॉस्पिटलही सापडलं. यंत्र काही सापडेना. शेवटी एकतिसाव्या पानाच्या तळाशी, मघाशी वाचताना सुटलेल्या बारीक अक्षरात, जुन्या योजनेतल्या यंदाच्या बदलांखाली ते निघालं: शरीरात आधीच बसवलेलं यंत्र बदलण्याचा खर्च या वर्षापासून मिळणार नाही.

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मग बायकोला वाचायला लावली. तिनेही वाचली आणि शिवणयंत्राचं चाक उगाच एकदा फिरवलं.

"दुसरी योजना बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या योजनेत यंत्र बदलून मिळत होतं. दात आणि चष्मा मात्र त्यात नव्हते.

"तुमचे दात?" बायकोने विचारलं. काकांच्या उजव्या दाढा यंदा काढून नव्या बसवायच्या ठरल्या होत्या.

"डावीकडे आहेत की."

त्यांना भीती दाताची नव्हतीच. सही सोमवारीच गेली होती. शिवाय नवी योजना घ्यायला गेल्यावर ते विचारणार, घरात कुणाला काय आजार आहे? खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगितलं तर दार लागणार. गाडीचा नवा विमा काढताना जुना अपघात लपत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवार शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद. काकांनी दुपारी हात दोनदा साबणाने धुतले आणि ऑफिसात गेले. विम्याच्या खिडकीत चष्म्याची एक मुलगी बसली होती.

"मेस्त्रीच्या कागदावर माझी सही आहे," काका म्हणाले. "ती मोडता येते का?"

"मुदतीत शेवटचा कागद कुठला आला, तोच धरतात, काका. हा भरा."

काकांनी फॉर्म उभ्यानेच भरला. नाव, नोकरीचा क्रमांक, बायकोचं नाव, वय. मग पान उलटलं. पुन्हा सुलटलं. पुन्हा उलटलं.

"काय शोधताय?"

"आजार कुठे लिहायचा?"

"नाही लिहायचा."

"बायकोला पेसमेकर आहे," काका एका दमात म्हणाले. "यंदा बदलायचाय. म्हणूनच योजना बदलतोय. नंतर तुम्ही म्हणाल लपवलं."

मुलीने पेन खाली ठेवलं. "काका, या पंधरा दिवसांत आम्ही कुणालाच आजार विचारत नाही. तुम्ही नोकरीत आहात ना? झालं तर मग."

"पण तुमचं नुकसान नाही का? विम्यासाठी पगारातून होणारी माझी जन्मभराची कपात धरली तरी ते यंत्र यायचं नाही."

"तुमच्या एकट्याच्या कपातीतून कोण आणतंय? सगळे डेपो, ऑफिसं, घरची माणसं धरून अकरा हजारांवर जण आहेत. थोडं थोडं सगळ्यांचं."

काका खिडकीच्या कडेला हात टेकून उभे राहिले. अकरा हजार. सगळ्या गाड्या एका वेळी गच्च भरल्या तरी ती माणसं मावली नसती.

"त्यांना माहीत आहे?"

"काय?"

"की ते आमच्या हिचं यंत्र बदलणार आहेत."

मुलगी हसली नाही. जरा विचार करून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं का? तीस वर्षांत तुम्ही कुणाकुणाचं काय काय बदललंत?"

तिने शिक्का मारला आणि पोच दिली. त्यावर योजनेचं नाव होतं आणि खाली बायकोचं.

खड्ड्यात मेस्त्री वाटच पाहत होता. "फुटलास म्हणे. तेराजणांचा कागद केलास आमचा."

काकांनी काय झालं ते सांगितलं. मेस्त्री पान्हा पुसत ऐकत राहिला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कितवं पान म्हणालास? आमच्या म्हातारीच्या गुडघ्यात वाटी बसवलेली आहे." अजून पाऊण तास होता. तो पान्हा तिथेच टाकून निघाला.

काका घरी आले तेव्हा बायकोने चेहऱ्यावरूनच ओळखलं, तरी विचारलं, "झालं?"

"झालं." पोच तिच्या हातात दिली, बूट काढले, आणि मुलगी काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. शेवटचा प्रश्न सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

बायकोने पोच घडी घालून शिवणयंत्राच्या खणात ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे कुठेतरी एखादी बाई तुमच्यामुळे चालतीय."

"एखादी? तीस वर्षं झाली."

ती उठून खिडकीशी गेली. काकाही गेले. ऑफिसं सुटायची वेळ होती, रस्ता माणसांनी भरला होता. एक बाई जड पिशवी या हातातून त्या हातात घेत चालली होती. एक म्हातारा वळणावर थांबून दम खात होता, आणि दम खाऊन पुन्हा निघाला. दोन पोरी कशावरून तरी हसत धावत गेल्या. यांतलं कोण आपलं, हे ओळखायला काहीच खूण नव्हती. काकांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं एकेका माणसाला नीट, लक्ष देऊन, पार दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.