टिपांचा रकाना

मी सांभाळते ते डेटाबेस छोटे असतात. पूर्वी कुणाच्या तरी टेबलावरच्या संगणकात पडून असलेली एकेक फाईल, आता माझ्या खोलीतल्या फळीवर घोंघावणाऱ्या सर्व्हरवर. वाचनालयाच्या सभासदांची, जनावरांच्या डॉक्टरांच्या लसींची, दोन व्यायामशाळांची, अशा एकूण अकरा. मोठ्या कंपन्यांतली मंडळी या फाईलींना हसतात. हसू देत. मूर्ती लहान पण कीर्ती महान. फाईल लोकांना दिसणाऱ्या फोल्डरबाहेर ठेवायची, आठवड्यातून एकदा तिच्यातली पोकळ जागा काढायची, रोज प्रत घ्यायची. सोळा वर्षांत मी एकही नोंद गमावलेली नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

अकरावी फाईल घरचीच, माझ्या सासूबाईंची. त्या निवृत्त नर्स. दवाखान्यात अजूनही सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात. दुर्मिळ रक्तगटाच्या चारशे बारा दात्यांची यादी त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतः बनवली. मी ती सर्व्हरवर चढवली आणि रक्तपेढीला ती शोधायला इंटरनेटवरचं एक पान करून दिलं. पेढीचे डॉक्टर पानावर गट शोधतात, सासूबाईंना कळवतात, आणि दात्यांना फोन सासूबाईच करतात.

महिनाभर हे पान सकाळी दहाला अडकायचं आणि अकराला आपोआप मोकळं व्हायचं. मी त्याचा दोष इंटरनेटवर ढकलला. मंगळवारी अडकलं तेव्हा मात्र ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई होती. डॉक्टरांनी धावपळ करून रक्त दुसरीकडून आणलं, बाई वाचली, आणि दुपारी मला त्यांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"गुरुवारी साडेदहाला मी स्वतः पान उघडणार," ते म्हणाले. "नाही उघडलं तर यादी आमच्या सिस्टिममध्ये घेतो. दात्यांना मेसेज आपोआप जातील. मोठ्या सिस्टरनाही आराम मिळेल."

सासूबाईंना आराम म्हणजे शिक्षाच. सासरे गेल्यापासून त्या यादीच्या जिवावर त्या रोज सकाळी उठून तयार होतात.

मंगळवारची सगळी दुपार मी सर्व्हरच्या नोंदी चाळण्यात घालवली. बुधवारी दहाला फोल्डर उघडून पहाऱ्यावर बसले. अशी फाईल कुणी उघडली की तिच्या शेजारी कुलपाची एक चिमुकली फाईल उगवते, आणि तिच्यात उघडणाऱ्या संगणकाचं नाव असतं. नाव आलं. शेजारच्या खोलीतल्या संगणकाचं! काखेत कळसा अन् गावाला वळसा.

मी तरातरा गेले. सासूबाई चष्मा लावून टाईप करत होत्या.

"आई, तुम्ही फाईल थेट जुन्या प्रोग्रॅममधून उघडता?"

"उघडते. माझीच आहे."

"आणि हे 'सगळ्या नोंदी कुलूपबंद' कुणी करून ठेवलं?"

"मीच. मागच्या महिन्यात. लिहिताना कुणी मध्ये लुडबूड करायला नको. तूच तर सांगत होतीस ना, कुलूप घातलं की नोंद बिघडत नाही म्हणून?"

गुरूची विद्या गुरूला फळली. मीच शिकवलेली विद्या माझ्यावर उलटली होती. पानाला प्रत्येक शोधाची वेळ फाईलीत लिहायची असते. कुलूप दिसलं की ते बिचारं दाराशी ताटकळत बसायचं.

"पण मी तुम्हाला पान करून दिलंय. ते का नाही वापरत?"

"तुझ्या पानात टिपा कुठे आहेत?"

टिपा म्हणजे शेवटचा रकाना. पान बनवताना मी तो कचरा समजून गाळला होता. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. 'सुई पाहून घाबरतो, टोचताना बोलत राहावं.' खाली दुसरी: 'नवऱ्याने फोन उचलला तर चुकून लागला म्हणावं. शाळा सुटल्यावर करावा.'

"रोज सहा जणांना फोन करते," त्या म्हणाल्या. "कुणाला रक्त नको असलं तरी. गरजेपुरते फोन केले की माणसं उचलत नाहीत. आणि बोलताना हे समोर लागतं."

"मग पानात घेते की. दहा मिनिटांचं काम."

"अजिबात नाही!" त्यांनी चक्क पडद्यावर पंजा ठेवला. "गट दिसू दे, नंबर दिसू दे. हे लोकांनी मला सांगितलंय, पेढीला नाही. डॉक्टर यादी नेणार असतील तर नेऊ देत. टिपा जाणार नाहीत."

आवाज कापत होता. त्यांना डॉक्टरांचा फोन कळला होता तर. डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना धारेवर धरणाऱ्या या बाईला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहत होते.

"यादीही जाणार नाही," मी म्हटलं. "दोन फाईली करते. एक पानासाठी, एक टिपांची. टिपांची फक्त तुमच्या संगणकावरून उघडेल. तिला खुशाल कुलपं घाला."

"तूही वाचायच्या नाहीत."

"आई, मी अक्षरं मोजते, वाचत नाही."

दुपारी टिपा नव्या फाईलीत हलवल्या आणि सवयीप्रमाणे जुन्या-नव्याची लांबी ताडून पाहिली. नव्या फाईलीत नऊ टिपा नेमक्या दोनशे पंचावन्न अक्षरांच्या. नऊ माणसांबद्दल कुणी इतकं मोजूनमापून लिहीत नाही. घाईत मी साधा रकाना घेतला होता, आणि साधा रकाना तिथे कात्री लावतो, वर तक्रारही करत नाही. मी स्वतःला दोन शिव्या हासडल्या, लांब मजकुराचा रकाना केला, पुन्हा हलवलं. मग त्या नऊ टिपांची शेपटं तपासायला घेतली. प्रत्येकीची फक्त शेवटची ओळ, कामापुरती.

सगळ्यात लांब टीप सदतीस क्रमांकाची, सहाशे अकरा अक्षरं. सदतीस क्रमांक मी. माझाही गट हजारात एखाद्याचा. त्यासाठीच आईने स्थळ पसंत केलं, अशी नवरा चेष्टा करतो.

शेवटची ओळ अशी होती: 'बाळ गेलं. हिला बोलावू नये. विचारलं तर ही नाही म्हणणार नाही, म्हणून विचारूच नये. स्वतः सांगेल तेव्हा.'

आठ वर्षं झाली त्याला. त्यानंतर त्यांनी मला एकदाही रक्ताला बोलावलं नाही. मला वाटायचं, माझं रक्त त्यांना अशुभ वाटतं. हे मी कुणाला बोलले नाही, फक्त त्यांच्याशी कामापुरतं बोलत राहिले. आता मला स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी साडेदहाला सासूबाई टिपांची फाईल उघडून बसल्या. मी मागे उभी. फोन स्पीकरवर होता.

"उघडलं," डॉक्टर म्हणाले. मग काही वेळ नुसती टकटक. "झटकन उघडतंय. आणि तुमच्याकडेही चालू आहे?"

"दोन्हीकडे," मी म्हटलं. "शंभरदा उघडून बघा."

"नको. यादी तुमच्याकडेच राहू दे. सिस्टर, मंगळवारच्या त्या बाईंना उद्या आणखी एक बाटली लागेल. पानावर चार नावं दिसतायत."

सासूबाईंच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला पाठीमागूनही दिसलं. "दोघं परगावी आहेत," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याला ताप आहे, कालच बोलले."

"आणि चौथी?"

"चौथीला नाही जमणार."

"चौथीला विचारलंत का?" मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं. "वाचलंस."

"शेवटचीच ओळ. तुटली नाही ना, ते बघायला."

"हॅलो? सिस्टर?"

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दात्यांशी फोनवर बोलतात त्या मऊ आवाजात मला विचारलं, "जेवण नीट होतंय ना? झोप? मग उद्या नऊला जमेल का गं, बाळा?"

"जमेल," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

"काय झालं?" डॉक्टर फोनवरून विचारत होते. "कोण रडतंय?"

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. "काही नाही," त्या म्हणाल्या. "चौथी येतेय."