सातवं नाव

मिस विलोडीन ब्लॅकशियर यांनी निम्म्या मेकन गावाचा रक्तदाब तपासून घेतला आहे, फक्त स्वतःचा सोडून.

दर मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आमचं भगिनीमंडळ चर्चच्या तळघरात रक्तदाब तपासणीचं शिबिर भरवतं. या मंडळात आम्ही कॉलेजात असताना शिरलो. पण आमच्यात ते पदवीबरोबर सुटत नाही, थेट शवपेटीपर्यंत सोबत येतं. डाळिंबी कोटातल्या आम्ही बावीस जणी आणि आमच्या डोक्यावर मिस विलोडीन. वय एकोणऐंशी, हॅट ताटाएवढी, आणि तोंडी कायम एकच वाक्य: "सेवा करणारीनं रांगेत बसायचं नसतं."

या वर्षी मात्र तळघराचा जिना उतरताना त्या दोनदा कठड्याला धरून थांबल्या. विचारलं तर म्हणाल्या, "पायऱ्या मोजत होते." माझी आईही अशीच पायऱ्या मोजायची. ती गेली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, अचानक गेली. अचानक कसलं डोंबलाचं! मी जिन्यातच ठरवलं, मिस विलोडीनना आज तपासणीच्या खुर्चीत बसवायचंच.

रांग ओसरल्यावर मी म्हणाले, "मिस विलोडीन, यंत्र नीट चालतंय का बघायचंय. जरा हात देता?"

"डेल्फिन, तुझं वय किती?"

"त्रेपन्न."

"मग वयाला शोभेल असं खोटं बोलायला शीक."

यंत्रापाशी बसलेली शनीस खाली मान घालून हसली. ती नर्स, आणि आमच्यातली सगळ्यांत नवी. मी तिला डोळे वटारले.

"मिस विलोडीन, एक मिनिट तर लागतं," शनीस म्हणाली.

"त्या एका मिनिटात मी सहा खुर्च्या उचलते, पोरी." आणि त्यांनी खरंच खुर्ची उचलली, अर्ध्यावर खाली ठेवली, आणि कोणी बघितलं का ते बघितलं. मी बघितलं होतं.

शिबिराच्या शेवटी आम्ही हातात हात धरून उभ्या राहतो आणि मंडळ स्थापन करणाऱ्या अकरा जणींची नावं क्रमानं म्हणतो. एक जरी नाव चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. अकरावं नाव येईपर्यंत कोणी हलायचं नाही, घास तर सोडाच. त्या दिवशी म्हणायची पाळी माझी होती. टेबलावर पीचचा कॉबलर, आमचं ठरलेलं गोडधोड, वाफाळत होता आणि एकवीस जणींची नजर त्याच्यावर. माझी मात्र मिस विलोडीनच्या हॅटवर. ती हॅट हलत होती. मला वाटलं, आत्ता पडतात की काय! त्या धास्तीत मी सहाव्या नावावरून थेट आठव्यावर गेले.

"थांब!"

"गेला कॉबलर," मागून कोणीतरी कण्हलं.

"लव्हिनिया कुठाय?" मिस विलोडीन कडाडल्या. "चौतीस वर्षं कोट घालून मिरवतेस आणि लव्हिनिया टूम्बर गाळतेस? तापाच्या साथीत कुठलं हॉस्पिटल आपल्या काळ्या माणसांना आत घेईना, तेव्हा घरोघर जाऊन अंगं पुसली तिनं! सगळ्या सांगत होत्या, लव्हिनिया, तुझंच अंग तापलंय, जरा बस. तर म्हणाली, आधी ही गल्ली संपू दे. आणि गल्ली संपायच्या आत, एकोणतीस वर्षांची पोर..."

तळघरात कोणी हललं नाही. नियमच तसा, पण नियम नसता तरी कोणी हललं नसतं.

"कोणीतरी तिला दटावून बसवायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "बसा, मिस विलोडीन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा एकोणीस वर्षांची झाले. मग कोट काढला, घडी केली आणि खुर्चीत बसल्या.

"बोलायचं नाही हं," शनीस घाबरत म्हणाली. मिस विलोडीन एक अख्खं मिनिट गप्प बसल्या. मंडळाच्या इतिहासात याचीही नोंद व्हायला हवी.

वरचा आकडा दोनशे बारा निघाला.

"यंत्र बिघडलंय."

पुन्हा घेतला. दोनशे चौदा.

शनीसनं फोन उचलला. "मी अँब्युलन्स बोलावतेय."

"भोंगा वाजवत? सगळ्या गावासमोर?"

"भोंगा वाजवत," शनीस म्हणाली. आमच्यातली सगळ्यांत नवी पोरगी, आणि आवाज हुबेहूब मिस विलोडीनचा. त्यांनाही तो ओळखू आला असावा, कारण त्या वाद न घालता स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. हॅट मात्र डोक्यावरून काढू दिली नाही.

गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले.

"डेल्फिन, यादी अपुरी राहिलीय. पहिल्यापासून."

मी म्हणू लागले. सातव्या नावापाशी माझी नजर पुन्हा त्यांच्या हॅटवर गेली आणि मी अडखळले. मिस विलोडीननी माझा हात घट्ट धरला.

"लव्हिनिया टूम्बर," त्याच मोठ्यानं म्हणाल्या. "पुढं म्हण. आणि माझं नाव बारावं लावायची घाई करू नका."