उंबऱ्यावरची खूण

रेल्वेच्या नकाशे ठेवायच्या खोलीत ज्याचा जन्म गेला, त्या म्हाताऱ्याला सगळे नकाशेबुवा म्हणत. एका दुपारी तो काखेत तीन गुंडाळ्या घेऊन थोरल्या बहिणीच्या दारात उभा राहिला. स्टेशनच्या पलीकडे, रुळांलगत त्यांचं जुनं घर होतं आणि अक्का तिथं एकटी राहायची. तिला आजच्या आज तिथून हलवायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

त्याने नकाशे जमिनीवर पसरले. आजोबांच्या काळच्या नकाशात घराभोवती उंचीच्या रेघा होत्या, म्हणजे घर टेकाडावर. वडिलांच्या काळच्या नकाशात तिथं एकही रेघ नव्हती. नव्या नकाशात रेघा परत आल्या होत्या, पण या खेपेला त्यांना आतून बारीक दाते होते. दाते म्हणजे खड्डा.

अक्का हसली. नकाशे बघून बघून तुझं डोकं फिरलंय, भिंतीला साधी चीर नाही, म्हणाली. उंबऱ्याच्या दगडावर मोजणीवाल्यांनी छिन्नीने कोरलेली आडवी खूण तिने फडक्याने पुसून दाखवली. गावातली प्रत्येक उंची या खुणेपासून मोजत आले होते. त्यामुळे दर मोजणीत घर जिथल्या तिथं निघे आणि रूळ तेवढे वर चढलेले. मोजणीवाले रुळांखाली दरवर्षी पडणाऱ्या नव्या खडीला बोल लावून मोकळे होत.

"मापाचा दगड कधी खचतो का रे?" अक्का म्हणाली.

तेवढ्यात मालगाडी आली. लहानपणी याच खिडकीतून दोघं डब्यांची छपरं बघत. आज मान वर करूनही त्याला नुसती चाकं दिसली. अक्का तिकडे बघतच नव्हती, कप विसळत होती.

त्याने हातापाया पडून पाहिलं. ती ढिम्म हलेना. शेवटी तो गुंडाळ्या उचलून निघाला.

शाळेला जाताना तो ही वाट घसरत उतरायचा आणि अक्का दारातून ओरडून विचारायची, खाली पोचलास का. आज त्याच वाटेवर चढून चढून त्याला धाप लागली. रुळांपाशी येऊन त्याने मागे पाहिलं, तर घराचं फक्त छप्पर दिसत होतं.

"वर पोचलास का रे?" अक्काची हाक आली.

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं.

"थांब," जरा वेळाने ती म्हणाली. "कुलूप लावून येते."

कडी वाजली. वाटेवर तिच्या चपला वाजू लागल्या. नकाशेबुवा रुळांपाशी थांबला. वाट ती केवढीशी. पण सावल्या लांबल्या, तरी चपला खाली वाजतच होत्या, आणि आवाज काही जवळ येत नव्हता.