मामंजींचा पंधरवडा

घराची वाटणी झाली तेव्हा मामंजींचीही झाली. पंधरवडा आमच्याकडं, पंधरवडा माझ्या धाकट्या जावेकडं, विद्याश्रीकडं. मधे फक्त एक भिंत.

मामंजी, म्हणजे बाळाप्पा, गडमुडशिंगीतले नावाजलेले गुळवे. काहिलीतला पाक बोटांवर बघून उतरवायची वेळ सांगायचे. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गरम गूळ खाल्ला आणि घाम गाळून जिरवला. काम सुटलं तसे कट्ट्यावर बसले, गूळ मात्र तेवढाच राहिला. पोट सुटलं, तहान भागेना. दोन हजार तीन साली शाहूपुरीतले डॉक्टर म्हणाले, मधुमेह आहे, साखर बंद करा.

विद्याश्री गडहिंग्लजची, बारावी शिकलेली. तिनं डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. तिच्या पंधरवड्यात भाकरी, मेथी, बिनगोडाचा चहा आणि संध्याकाळी मळ्यापर्यंत चालणं. तीन महिन्यांत मामंजींचं पोट आत गेलं. गल्लीतल्या बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी तिच्या सहा वर्षं आधी या घरात आले. सासूबाईंचं आजारपण मी काढलं, ते कुणाला आठवेना. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

मग मी माझ्या पंधरवड्यात मामंजींच्या चहात घालायला गूळ काढला. विद्या म्हणायची, गूळही साखरेसारखाच. गुळव्याच्या घरात येऊन गुळाला नावं ठेवणारी ही कोण? साखर कारखान्याची, गूळ आमच्या घरचा. त्यानं कुणाला काय व्हायचंय, असंच मला वाटायचं.

पहिल्या घोटाला मामंजींचे डोळे भरले. "शांतव्वा, ह्याला च्या म्हणत्यात. तिकडं नुसतं काळं पाणी हाय."

त्या एका वाक्यावर मी आठ दिवस तरंगत होते. पुढं ते तिच्या पंधरवड्यातही मागच्या दारानं यायला लागले. मी कपबशी मुद्दाम जोरात वाजवायची. भिंतीपलीकडं ऐकू जावं म्हणून.

वर्षभरात चप्पल लागून त्यांच्या अंगठ्याला जखम झाली. भरेना, काळी पडली. तपासलं तर साखर तीनशे ऐंशी. पंधरवडा विद्याचा होता, म्हणून सगळे तिच्यावर घसरले. दीर म्हणाले, "काय खायला घालत हुतीस त्यास्नी?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा करत बसले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल. "घरात गोड कोण देतं? गूळसुद्धा साखरच." मग माझ्या सुटलेल्या अंगाकडं बघून म्हणाले, "तुम्हीही तपासून घ्या, बाई."

"कोण बी देत न्हाय," मामंजी म्हणाले. "माझं मीच चोरून खातो." मग माझ्या नवऱ्याकडं वळले. "आता वाटणी नको बाबा. मला विद्याकडंच ठेवा. शांतव्वाच्या च्याला न्हाय म्हणायला मला जमत न्हाय."

जावेसमोर त्यांनी माझ्या चहाचं नाव घ्यावं म्हणून मी वर्षभर आटापिटा केला होता. आता घेतलं, आणि ती समोरच उभी होती.

मी पिशवीतून मामंजींचा पेला काढून तिच्या हातात दिला. "गूळ मीच दिला," सगळ्यांदेखत म्हटलं. "तू बिनगोडाचाच दे त्यास्नी."