पाहुण्यांचं पाणी

पुण्याच्या प्रतिष्ठानाची गाडी वस्तीच्या कमानीतून आत शिरली, तेव्हा प्रज्ञाने मनातल्या मनात हात जोडले. देवावर तिचा विश्वास नव्हता. प्रतिष्ठानावर होता, कारण आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

श्रीगोंद्याजवळच्या या भीमनगर वस्तीची विहीर साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्याने नासली होती. बादलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी यायचं आणि वस्ती तेच प्यायची. ते जमिनीखालून कुठवर पसरलंय, हे प्रज्ञा शोधत होती आणि कोळसा-वाळूची एक मोठी गाळणी विहिरीजवळ उभी करत होती. गाळणी निम्मी झाली आणि निधी संपला. सरकारी खात्याने हे संशोधन आहे म्हणून तिला वाटेला लावलं, विद्यापीठाने हे समाजकार्य आहे म्हणून. आता प्रतिष्ठानानेही हात वर केले, तर श्रीगोंद्यातल्या तिच्या प्रयोगशाळेच्या दोन खोल्यांना कुलूप लागणार होतं. गाळणीच्या निम्म्या टाकीत शेळ्या बसल्या असत्या.

बचत गटाच्या अध्यक्ष चांगुणाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून पुढे आल्या. त्यांनी पाहुण्यांना जयभीम घातला. समाजमंदिराच्या ओट्यावर तबकात पाण्याचे पेले झाकून ठेवले होते. पण प्रतिष्ठानाच्या लीनामॅडमना आधी विहीर बघायची होती. अहवाल कितीही वाचले तरी एकदा स्वतःच्या हाताने पाणी शेंदून बघा, असं प्रज्ञानेच त्यांना विनवून विनवून इथवर आणलं होतं.

मॅडमबरोबर आलेल्या अनिमेषसरांनी हौसेने बादली सोडली. ती वर आली तशी प्रज्ञा पुढे वाकली. बादलीचा तळ लख्ख दिसत होता. तिने पाण्याची शुद्धता मोजायचा मीटर बुडवला. आकडा शहरातल्या नळाला शोभेल असा होता. तिने पुन्हा पाणी शेंदलं, पुन्हा मीटर बुडवला. काही फरक पडला नाही.

पाणी सुधारलं ही आनंदाचीच गोष्ट आहे, असं लीनामॅडम म्हणाल्या. त्या खरंच चांगल्या बाई होत्या, म्हणून ते जास्तच लागलं. अनिमेषसर मोबाईलवर अहवाल वरखाली करत होते. हे पाण्याचे नमुने नक्की कोणी घेतले होते, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं.

प्रज्ञाची नजर चांगुणाबाईंकडे गेली. घरचं लग्न नीट पार पडल्यासारख्या त्या समाधानाने हसत होत्या. विहिरीच्या कडेला टँकरच्या चाकांचे ताजे वण होते. प्रज्ञाने त्यांना बाजूला घेतलं.

"मावशी, विहिरीचं काय केलं तुम्ही?"

"काल रातीला उपसली की. मोटारी लावून पार तळापत्तुर. मग गटातल्या बायांनी मिळून कुकडीच्या कालव्याच्या पान्याचं टँकर मागवलं."

"पण कशाला?"

"कशाला म्हंजी? आपल्या वस्तीवर आजवर पान्याला कोन थांबलंय? माज्या सासूच्या हातचं पानी लोक लांबूनबी घेत न्हवते. आज पुन्याची मानसं दारात आली, त्येंच्या तोंडाला ते काळं पानी लावू व्हय?"

प्रज्ञाने ओरडायला तोंड उघडलं आणि तिला वडील आठवले. ते कर्जतला मास्तर होते. शाळेत पाण्याचा माठ होता, तरी ते जन्मभर घरून तांब्या नेत. का नेत, हे घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. या बाईवर ती कोणत्या तोंडाने ओरडणार होती?

तिने पाहुण्यांना सगळं खरं सांगून टाकलं. अनिमेषसरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एका दिवसात विहीर इतकी बदलता येते," ते म्हणाले, "तर आधीचे नमुने घेताना ती कशी होती, हे आम्ही समितीला कसं सांगायचं?"

संध्याकाळपर्यंत थांबा, झरे आत येतील, रंग डोळ्यांनी दिसेल, असं ती सांगत राहिली. पण त्यांना शिर्डी गाठायची होती. संध्याकाळच्या आरतीचे पास काढलेले होते. मॅडम गाडीत बसल्या, तेव्हा प्रज्ञाने दार धरून ठेवलं.

"मॅडम, थोडा वेळ थांबा. मी पाया पडते तुमच्या."

असं ती आयुष्यात कोणाला म्हणाली नव्हती. ड्रायव्हर आरशात बघायचं टाळत होता. समिती विचार करेल, असं मॅडम खाली बघत म्हणाल्या. निधी मागत फिरणाऱ्या कोणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्रज्ञाने दार सोडलं.

ती परत आली, तेव्हा चांगुणाबाई ओट्यावर तबकासमोर बसल्या होत्या. पेले भरलेले होते तसेच होते. पाहुण्यांच्या हातात पहिल्यापासून सीलबंद बाटल्या होत्या, हे प्रज्ञाला आत्ता आठवलं.

"एक घोटबी न्हाई घेतला गं," चांगुणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आता गाळणी न्हाई व्हायची?"

नाही व्हायची, अशी प्रज्ञाने मान हलवली. चांगुणाबाई एकेक पेला उचलून हंड्यात ओतू लागल्या. प्रज्ञाने त्यांचा हात धरला, एक पेला घेतला आणि उभ्यानेच पिऊन टाकला. पाणी गोड होतं. तिला रडू आवरेना.

विहिरीवर बायांची झुंबड उडाली होती. पाण्याला पुन्हा रंग यायच्या आत जेवढं भरून घेता येईल, तेवढं त्या भरून घेत होत्या.